पंधरा नंबरची खुर्ची

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण उद्या हेच लोक म्हणतील की असं काही घडलंच नाही. बरोबर दोन चाळीसला मी कार्डेल रोव्हर्स फुटबॉल क्लबच्या पूर्व स्टँडमध्ये 'एफ' रांगेत पोचले, तर पंधरा नंबरच्या खुर्चीत एक परका माणूस बसला होता. चौदा माझी, पंधरा माझी बहीण अ‍ॅग्नेसची. स्टँडला खुर्च्या बसवल्या त्या वर्षापासून, म्हणजे पस्तीस वर्षं. त्याआधी तिथेच, त्याच जागी, लोखंडी कठड्याला टेकून आम्ही उभ्या राहायचो.

माणसाच्या गळ्यात अर्धा आमचा आणि अर्धा पाहुण्या संघाचा असा मफलर होता. असा मफलर घालणाऱ्याला कुठली बाजू आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

"ही खुर्ची माझ्या बहिणीची आहे," मी म्हटलं.

"फोन म्हणतोय माझी आहे," तो म्हणाला आणि चिप्स खात राहिला.

मी प्रेक्षकांची व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्डला बोलावलं. पिवळं जाकीट, कानात यंत्र, वय फार तर बावीस. त्याने हातातल्या यंत्रात बघितलं.

"आजी, पंधरा नंबर जूनमध्ये मोकळा झालाय."

"मी कुणाची आजी नाही. आणि मोकळा कुणी केला?"

"यंत्रात तसंच दिसतंय, आजी."

मे महिन्यात वर्षभराच्या दोन्ही तिकिटांचे फॉर्म मी स्वतः भरले होते. कार्ड एकच आलं, तेव्हा वाटलं, टपालाला उशीर होतोय. मी चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. लाइन तुटली तर ती कुणी तोडली, हे आम्ही पाच मिनिटांत शोधून काढायचो. इथे कुणाला काहीच माहीत नाही.

अ‍ॅग्नेसचा निळा कोट मी नेहमीप्रमाणे तिच्या खुर्चीवर ठेवायला आणला होता. तो नव्वद मिनिटं मांडीवर धरून बसले. एक-एक बरोबरी. आमचा गोल झाला तेव्हा भोंग्यातून गाणं वाजवलं. गोल झाल्यावर काय वाटायला हवं, तेसुद्धा आता भोंगाच सांगतो. पूर्वी आम्हाला ते आपोआप समजायचं.

रविवार, १० ऑगस्ट.

प्रार्थनेनंतर लॉरेल हाउसला गेले. ते शुश्रूषागृह आहे. क्लबच्या फाटकावर पूर्वी बसायचा तो वॉल्टर ग्रिमशॉ त्याला वृद्धाश्रम म्हणतो, आणि प्रत्येक वेळी मी त्याला सुधारते. अ‍ॅग्नेस अडीच वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली. खुबा बरा होईपर्यंत तिथे राहायचं, असं ठरलं आहे.

दर रविवारी मी तिला आदल्या दिवशीचा सामना पहिल्या मिनिटापासून सांगते. आज खुर्चीचं सांगितलं नाही.

"डगीने मारला का गोल?" तिने विचारलं.

डगी शार्पल्स १९७८ मध्ये खेळायचा थांबला. अ‍ॅग्नेसला लहानपणापासून माझी फिरकी घ्यायची सवय आहे. मी म्हटलं, "मारला. डोक्याने."

"डोक्यानेच मारणार. पाय कुठे होते त्याला." आणि हसली.

निघताना परिचारिकेने विचारलं, थोडा वेळ बोलता येईल का. मी म्हटलं, बस चुकेल.

बुधवार, १३ ऑगस्ट.

क्लबमध्ये फोन केला. आधी यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र, मग गाणं, आणि शेवटी तेहमिना मलिक नावाची मुलगी. ती 'प्रेक्षक संपर्क अधिकारी' आहे. पूर्वी प्रेक्षकांशी संपर्क म्हणजे अध्यक्ष गेटवर उभे राहायचे आणि लोक त्यांना तोंडावर बोलायचे. आता मालक कुठल्या देशात राहतो, तेही कुणाला सांगता येत नाही. शर्टाच्या छातीवर जुगाराच्या कंपनीचं नाव असतं आणि तेच शर्ट लहान मुलं घालून फिरतात. हे सगळं मी तिला सांगितलं.

"मिस हॅलिवेल, मला यातलं निम्मं तरी पटतं," ती म्हणाली. "पण खुर्चीचं बोलू या का? नवा नियम असा आहे की वर्षभरात तेवीसपैकी निदान दहा सामन्यांना तिकीट वापरलं नाही, तर जागा पुढच्या माणसाला जाते. यादीत चारशे लोक थांबलेत. पत्र आम्ही ईमेलने पाठवलं होतं."

"कुणाला?"

"अ‍ॅग्नेस हॅलिवेल यांना."

"अ‍ॅग्नेसला ईमेल नाही."

"पत्ता तर दिलेला आहे."

तो पत्ता मीच बनवला होता, यंत्राला हवा होता म्हणून. तो मी कधी उघडला नाही. पण हे मी तिला कशाला सांगू?

"लेखी तक्रार करा," ती म्हणाली. "मी स्वतः वाचेन." आवाज चांगला होता, स्पष्ट. आमच्या एक्स्चेंजमध्ये तिला घेतली असती.

गुरुवार, १४ ऑगस्ट.

तक्रार लिहिली. शाळेत सिस्टर पर्पेट्युआने आम्हाला शिकवलं होतं की पत्रात आधी घटना, मग पुरावा, मग मागणी, आणि राग कुठेच नाही. चार पानं झाली. मुख्य मुद्दे इथे उतरवून ठेवते.

एक, अ‍ॅग्नेस फेब्रुवारी २०२३ पासून लॉरेल हाउसमध्ये उपचार घेते आहे आणि बरी झाली की परत येणार आहे. दोन, तरीही क्लबच्याच नोंदीप्रमाणे २०२३-२४ मध्ये ती तेवीसच्या तेवीस घरच्या सामन्यांना हजर होती. एवढ्या निष्ठावान प्रेक्षकाला एका वर्षाच्या गैरहजेरीवरून हाकलणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तीन, खुर्ची परत मिळावी. लेखी उत्तर शुक्रवार, २२ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत.

दुसरा मुद्दा मला फार आवडला. आपल्याच वहीतला पुरावा कुणाला नाकारता येत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट.

उत्तर नाही. पाच वाजून गेले त्याला एक दिवस झाला.

सामना साडेबाराला होता. टीव्हीवाल्यांना सोयीची ती वेळ. फुटबॉल शनिवारी दुपारी तीनला असतं, हे या देशात एके काळी प्रार्थनेच्या वेळेइतकं पक्कं होतं. पाहुण्या संघाची माणसं पहाटे पाचला बसमध्ये चढून आली होती आणि दोन गोल खाऊन गेली. त्यातही आनंद झाला नाही. दमलेल्या माणसांना हरवण्यात काय मजा?

पंधरा नंबरवर आज वेगळाच माणूस. तेराव्या मिनिटाला उठून तो पुढे उभा राहिला. मी म्हटलं, "बसा, मागच्यांना दिसत नाही." तो बसला. मी लोकांना बसवते, हे सगळ्या रांगेला माहीत आहे.

गोलरक्षक चेंडू पायात घेऊन उभा राहतो, मग बाजूच्याला देतो, तो परत गोलरक्षकाला देतो. शेजाऱ्याचं पार्सल चुकून आपल्याकडे आलं की कसं, तसं. मागच्या रांगेतला क्लिफर्ड ओरडला, "अरे, पत्ता विचारा आणि पोचवा एकदाचं!" एवढंच काय ते हसले आज.

मंगळवार, २६ ऑगस्ट.

तेहमिना मलिकचा फोन आला. मी फोन नको, लेखी उत्तर हवं असं स्पष्ट लिहिलं होतं.

"लेखी दिलं तर ते फाइलला लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून आधी विचारते. तुम्ही लिहिलंय की अ‍ॅग्नेसबाई फेब्रुवारी २०२३ पासून शुश्रूषागृहात आहेत."

"हो."

"आणि २०२३-२४ मध्ये सगळ्या सामन्यांना आल्या होत्या."

"तुमच्या नोंदीत आहे तसं."

"मग दर शनिवारी त्या तिथून इथे कशा यायच्या, मिस हॅलिवेल?"

मी फोन ठेवला. फोन असा मध्येच ठेवला म्हणून मी एकदा एका मुलीला कामावरून काढलं होतं.

खरी गोष्ट इथे तरी लिहायला हवी. गेल्या वर्षीपर्यंत सात नंबरला जुनं लोखंडी फिरतं फाटक होतं आणि आत लाकडी चौकीत वॉल्टर ग्रिमशॉ बसायचा. तिकीट घ्यायचा, पायाने पट्टी दाबायचा, फाटक एक वळण घ्यायचं आणि 'खट्' असा आवाज यायचा. एक खट् म्हणजे एक माणूस. अ‍ॅग्नेस पडली त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला मी दोन्ही तिकिटं घेऊन गेले. त्याने दोन्ही बघितली. मी आत गेले, आणि माझ्यामागे त्याने फाटक रिकामंच एकदा फिरवलं. खट्.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला तसंच. मी वळून कधी बघितलं नाही. ऐकलं मात्र प्रत्येक वेळी. मग काचेची यंत्रं आली आणि वॉल्टरला घरी पाठवलं. मी अ‍ॅग्नेसचं कार्ड नुसतं पर्समध्ये ठेवून जात राहिले.

म्हणजे तो पुरावा मी माझ्याच हाताने दिला. आणि वॉल्टरलाही त्यात ओढलं.

बुधवार, २७ ऑगस्ट.

वॉल्टरकडे गेले. सांगणं भाग होतं. त्याने चहा केला. बायको गेल्यापासून तो चहा फार कडक करतो. मी सगळं सांगितलं.

"मला काय करणार ते?" तो म्हणाला. "कामावरून काढतील? काढलंय की."

"तुझी बदनामी होईल."

"विनी, सत्तावीस वर्षं मी त्या खोक्यात बसलो. किती पोरांना खालून सरकून आत जाऊ दिलं, मोजलं तर तुरुंगात जाईन." मग कप खाली ठेवून म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस."

"रागावणार नाही असं मी कधीच कबूल करत नाही."

"अ‍ॅग्नेस कधी चढणार त्या पायऱ्या?"

"खुबा बरा झाला की."

"खुबा केव्हाच बरा झालाय, गं. गेल्या बुधवारी गेलो होतो मी तिला भेटायला, दर बुधवारी जातो तसा. मला ती दूधवाला समजली. दोन बाटल्या जास्त ठेव म्हणाली."

मी म्हटलं, तिला फिरकी घ्यायची सवय आहे. त्याने कप उचलले. मी निघताना माझा कोट त्याने धरला. तो दर बुधवारी तिला भेटायला जातो, हे मला माहीत नव्हतं. बुधवारी मी चर्चची फुलं बदलते, हे मात्र त्याला माहीत आहे.

सोमवार, १ सप्टेंबर.

थकले आहे. काहीही लिहावंसं वाटत नाही. काय चुकलं, ते ओरडून सांगायचं, आणि मैदानावर कुणालाच ते ऐकू येत नाही, हे मी साठ वर्षं केलं. हा सगळा देश शनिवारी तेच करतो. आम्ही हा खेळ जगाला दिला असं म्हणतो, आणि मग जग आमच्यापेक्षा बरं खेळतं म्हणून रुसून बसतो. अ‍ॅग्नेस म्हणायची, खेळ बघायला कोण जातंय, आपण तक्रार करायला जातो, तेवढाच आठवड्यातला मोकळा श्वास.

गुरुवार, ४ सप्टेंबर.

तेहमिना मलिक घरी आली. आधी कळवलं नाही. पावसात भिजली होती, म्हणून आत घेतलं.

"मी फाइलला काहीच लावलेलं नाही," तिने पहिलं वाक्य हेच म्हटलं. "मोजणीत चुका असायच्या जुन्या फाटकांच्या, असं लिहिलंय. तक्रार मागे घेतली, असं तेवढं तुम्ही लिहून द्या."

"आणि खुर्ची?"

"पंधरा नंबर गेला. तो मला परत आणता येणार नाही." मग तिने फोनवर चित्र दाखवलं. "पण खाली, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ, चाकाच्या खुर्चीची जागा आहे. शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची. या तेरा तारखेला मोकळी आहे. आणा ना त्यांना."

मी उभी राहिले. "माझी बहीण चाकाच्या खुर्चीत बसत नाही. ती आपल्या पायांनी येईल आणि आपल्या जागी बसेल."

ती मुलगी गेली नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. १९७१चा फोटो, आम्ही दोघी कठड्याला टेकून, अ‍ॅग्नेसचं तोंड उघडं, ओरडताना.

"माझे आजोबा गिरणीतली पाळी संपवून याच बाजूला उभे राहायचे," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांना वाईटसाईट बोललं. तर दोन मुली वळल्या आणि त्या माणसाला असं काही झापलं की तो सामना सोडून गेला. आजोबा मरेपर्यंत सांगायचे. त्यातली एक म्हणे लाइन्समनला, त्या कडेच्या झेंडेवाल्या पंचाला, विचारायची, डोळे घरी विसरलास का."

"ती अ‍ॅग्नेस," मी म्हटलं.

"मला वाटलंच."

चहा दिला. बिस्किटं चांगली होती ती काढली. काहीही लिहून दिलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर.

नेलं. का नेलं, ते मला विचारू नये. वॉल्टरने लॉरेल हाउसमधून खुर्ची ढकलत आणली. मी पुढे चालत होते. मोठ्या दारातून सोडलं, तिथे यंत्र नाही. निळा कोट तिच्या अंगावर होता, आणि तो तिला मोठा होतो, हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

पहिली वीस मिनिटं ती गवताकडे बघत होती. खालून खेळ वेगळाच दिसतो. पोरांचे श्वास ऐकू येतात. मी तिला कोण कोण आहे ते सांगत होते. ती 'हो हो' म्हणत होती, बसमध्ये शेजारच्या बाईला म्हणतात तसं. मग लाइन्समनने आमच्या समोर चुकीचा झेंडा वर केला, आणि अ‍ॅग्नेस खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पुढे झाली.

"अरे ए, डोळे घरी विसरलास का!"

आवाज तोच. वर 'एफ'च्या मागच्या रांगेतून क्लिफर्ड ओरडला, "अ‍ॅग्नेस आली रे!" आणि अर्धा स्टँड हसला, टाळ्या पडल्या. लाइन्समनसुद्धा हसला. मला वाटलं, झालं. आली परत.

मध्यंतरात वॉल्टर त्याच्या जागेवर गेला होता. मी चहा आणि मांस भरलेले मीट-पाय आणायला गेले. रांग मोठी होती. परत आले तेव्हा खेळ सुरू व्हायचा होता. अ‍ॅग्नेसने अंगातला कोट काढून माझ्या खुर्चीवर पसरला होता आणि वर आपली पर्स ठेवली होती. मी कोट उचलायला वाकले. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. सभ्यपणे.

"माफ करा हं, बाई. ही जागा घेतलेली आहे."

"अ‍ॅग्नेस, अगं..."

"माझी बहीण येतेय. विनी. फाटकावर कुणाशी तरी भांडत असेल, म्हणून उशीर झाला." मग मला जवळ बोलावून, कुणी ऐकू नये अशा आवाजात, "तोंड फटकळ आहे, पण तिच्यावाचून मला सामना बघवत नाही. तुम्हाला दुसरीकडे मिळेल ना जागा?"

मी म्हटलं, मिळेल.

चहा तिला दिला. तिने आभार मानले. मी खुर्चीच्या बाजूला उभी राहिले. पाच मिनिटांनी मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, बसा की! आम्हाला काही दिसत नाही!" अगदी माझ्याच आवाजात. तोच पिवळा स्टुअर्ड आला.

"बसा ना, खुर्ची रिकामी आहे."

"रिकामी नाही," मी म्हटलं. "घेतलेली आहे."

त्याने कोटाकडे बघितलं, अ‍ॅग्नेसकडे बघितलं. या वेळी आजी म्हणाला नाही. मागच्या माणसाजवळ जाऊन त्याला काहीतरी सांगितलं, आणि मग कुणी ओरडलं नाही. पंचेचाळीस मिनिटं उभी होते, आणि वर दुखापतींसाठी वाढवलेली सहा मिनिटं. अ‍ॅग्नेस मधून मधून दाराकडे बघत होती. एक-शून्य हरलो. गोल कसा झाला, ते मला सांगता येणार नाही.

रविवार, १४ सप्टेंबर.

लॉरेल हाउसला गेले. परिचारिकेने पुन्हा विचारलं, थोडा वेळ बोलता येईल का. बसले आणि ऐकलं. बस गेली.

मग घरी येऊन हे लिहिलं. कच्चं इथे, पक्कं उद्या टपालात, हाताने, ईमेल नाही.

"तेहमिना मलिक, प्रेक्षक संपर्क अधिकारी, कार्डेल रोव्हर्स, यांस.

माझी १४ ऑगस्टची तक्रार मी मागे घेते आहे. पंधरा नंबरबद्दल माझं आता काही म्हणणं नाही. चौदा नंबरही यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावा. तो बसत असेल तर बरं.

मागणी अशी. कोपऱ्याच्या झेंड्याजवळची चाकाच्या खुर्चीची जागा उरलेल्या सगळ्या घरच्या सामन्यांसाठी अ‍ॅग्नेस हॅलिवेल या नावाने द्यावी. शेजारची खुर्ची विनिफ्रेड हॅलिवेल या नावाने नोंदवावी आणि तिच्यावर कुणालाही बसू देऊ नये, ती रिकामी दिसली तरी. नियमाप्रमाणे हजेरी लागत असेल, तर प्रत्येक सामन्याला लावावी. ती येते. तिला उशीर होतो, इतकंच. हे कसं नोंदवायचं याची अडचण आल्यास वॉल्टर ग्रिमशॉ यांना विचारावं, त्यांना पद्धत माहीत आहे.

याशिवाय बाजूला उभं राहण्यापुरती जागा एका सोबतीच्या बाईसाठी लागेल. तिच्या नावाचा रकाना मोकळा ठेवला तरी चालेल.

पुढचा घरचा सामना २७ तारखेला आहे. लेखी उत्तर शुक्रवार, २६ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. फोन करू नये."